अमरवेल मारायला पिकाचं पाणी तोडत नाहीत

मालेगाव तालुक्यातलं जऊळका, अकोला-वाशिम रेल्वेमार्गावरचं गाव. तिकडचे एक काका काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलचे तपशील थोडे बदलले आहेत.) कोरडवाहू शेती, सोयाबीनमध्ये तूर, आणि तीसेक वर्षांची खर्र्याची सवय. उजव्या गालाच्या आत दोन महिने न भरणारी जखम. बायोप्सीत कॅन्सर निघाला. स्कॅन पाहिला तर गाठ गालापुरतीच होती, ऑपरेशन होण्यासारखी. म्हणजे वाईट बातमीतली बरी बातमी. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

बायोप्सीच्या दिवशी काकांचं वजन ५४ किलो होतं. तीन आठवड्यांनी भरती व्हायला आले तेव्हा काटा ४८ वर थांबला.

मी मुलाला विचारलं, "जेवण काय चाललं होतं?" तो जरा अभिमानानंच म्हणाला, "साहेब, बाबाले आमी गोडाचं बोटही लावू देत नाही. दूध बंद, केळी बंद, भात बंद. भाकर एकच देतो. सकाळी कारल्याचा रस अन् लिंबूपाणी." त्याने मोबाइल काढून मला मेसेज दाखवला. त्यात लिहिलं होतं की कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडा म्हणजे गाठ उपाशी मरते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि ऑपरेशन पुढे ढकललं. इतक्या खालावलेल्या शरीरावर मोठं ऑपरेशन केलं तर जखम भरणं कठीण. गाठ मात्र त्या तीन आठवड्यांत बारीक झालेली नव्हती. ती होती त्यापेक्षा थोडी मोठीच झाली होती.

या घरातल्या कुणालाही मी दोष देणार नाही. सूनबाई रोज पहाटे उठून कारलं किसत होत्या, मुलगा स्वतःही सासऱ्यांच्या घरचं गोडधोड सोडून बसला होता. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं. आणि तो मेसेजही निव्वळ थाप नाही. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच तो इतका पसरतो. आज त्या अर्ध्या सत्याबद्दल आणि न सांगितल्या गेलेल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहितो आहे.

मेसेजमधलं खरं काय?

सुमारे शंभर वर्षांपूर्वी ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की गाठीतल्या पेशी साखर, म्हणजे ग्लुकोज, भसाभसा वापरतात. नेहमीच्या पेशी ऑक्सिजन मिळत असेल तर ग्लुकोज पूर्ण जाळतात आणि एका रेणूतून ऊर्जेची तीसेक नाणी मिळवतात. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही तो बराचसा अर्धवट वापरतात, फक्त दोन नाणी घेतात आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल म्हणून बाहेर टाकतात. १९२५ साली कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हे जिवंत प्राण्यात दाखवलं. कोंबडीच्या एका पंखात गाठ, दुसरा पंख निरोगी. गाठीच्या बाजूने परत येणाऱ्या रक्तात साखर कमी होती आणि लॅक्टिक आम्ल जास्त.

आजच्या पेट स्कॅनचा पायाही हाच आहे. किरणोत्सारी खूण लावलेली साखरेसारखी वस्तू शिरेतून देतात आणि ती जिथे जास्त ओढली जाते तो भाग चित्रात उजळतो. स्कॅनच्या आधी चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात, ते चित्र स्पष्ट यावं म्हणून. रुग्ण हे ऐकतो, उजळलेली गाठ पाहतो आणि त्याला वाटतं की आपण चहात साखर घातली ती इथे गेली. पण त्याच चित्रात मेंदूही लख्ख उजळलेला असतो, कारण मेंदूही साखरेवरच चालतो. त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

मग फक्त दोन नाणी मिळवण्यासाठी गाठ इतकी उधळपट्टी का करते? वारबुर्गला वाटलं की तिच्या पेशींमधली ऊर्जेची भट्टी, मायटोकॉन्ड्रिया, मोडलेली असते. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक गाठींत ही भट्टी चालू असते. सोप्या भाषेत सांगायचं तर वाढणाऱ्या पेशीला फक्त सरपण नको असतं, तिला विटा-वाळूही हवी असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नवा पडदा, नवी प्रथिनं, नवे गुणसूत्र सगळं बांधायचं असतं. ग्लुकोज पूर्ण जाळून टाकला तर बांधायला काय उरणार? म्हणून ती त्यातला काही भाग बांधकामाकडे वळवते.

इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. चूक पुढच्या उडीत आहे.

ताटातली साखर आणि रक्तातली साखर

निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा ग्लुकोज फिरत असतो. तो एवढाच राहावा यासाठी यकृत रात्रंदिवस काम करतं. तुम्ही जेवलात तर ते जास्तीची साखर साठवतं. नाही जेवलात तर साठ्यातली काढून देतं. हा साठा साधारण एका दिवसाचा. तो संपला की यकृत प्रथिनांपासून नवीन साखर बनवतं. ही प्रथिनं येतात कुठून? आपल्या दंडा-मांडीच्या स्नायूंमधून.

म्हणजे काकांच्या ताटातली केळी आणि भात काढून घेतला तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर संपली नाही. ती जवळपास तेवढीच राहिली, फक्त ती आता त्यांच्या मांड्या वितळवून तयार होऊ लागली. गाठीला काहीच फरक पडला नाही.

आणि ज्वारीची भाकरही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. "साखर बंद" हा नियम प्रामाणिकपणे पाळायचा तर जवळजवळ सगळं जेवण बंद करावं लागेल. अनेक घरांत नेमकं तेच होतं. आधी साखर जाते, मग गूळ, मग भात, मग दूध, आणि शेवटी रुग्ण कारल्याच्या रसावर येतो.

गाठ एकटी जेवत नाही

आता त्या दुसऱ्या अर्ध्या सत्याकडे येऊ. मेसेजमध्ये गाठ म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर, दाणे टाकणं थांबवलं की मेला, असं चित्र असतं. खरी गाठ तशी नसते. ती आपल्या शेतातल्या अमरवेलीसारखी असते.

सोयाबीन-तुरीत अमरवेल पाहिली असेल तुम्ही. पिवळसर दोरे, पान नाही, आणि एकदा झाडाला चिकटली की जमिनीत मूळही नाही. ती शेजारच्या झाडाच्या खोडात आपल्या बारीक सोंडा खुपसते आणि तयार रस ओढते. तिचं पोट शेजाऱ्याच्या कष्टावर चालतं.

गाठीच्या पेशींभोवती अशीच एक वस्ती असते. त्यात जोड-ऊतीच्या पेशी असतात, ज्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. चरबीच्या पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि रोगप्रतिकाराच्या पेशीही असतात. काही गाठींमध्ये तर कॅन्सरच्या पेशींपेक्षा या शेजाऱ्यांचीच संख्या जास्त असते. गाठ या सगळ्यांशी देवाणघेवाण करते.

फायब्रोब्लास्ट हे शरीराचे गवंडी. कुठे जखम झाली की धावत येतात, कोलॅजेनचे धागे टाकतात, डागडुजी करतात आणि काम संपलं की शांत होतात. गाठ त्यांना सतत "इथे जखम आहे" असा खोटा सांगावा धाडते. मग ते कामावरून घरी जातच नाहीत. गाठीभोवती धाग्यांचं जाळं विणत बसतात आणि वर तिला शिधाही पुरवतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये असे शेजारी स्वतःमधली प्रथिनं मोडून ॲलानिन नावाचं अमिनो आम्ल गाठीला देतात, हे २०१६ साली दाखवलं गेलं. बीजकोशाचा कॅन्सर पोटातल्या चरबीच्या पडद्यावर इतक्या सहज का पसरतो, याचं एक उत्तर २०११ साली मिळालं: तिथल्या चरबीच्या पेशी आपली चरबी सोडून देतात आणि कॅन्सरच्या पेशी ती जाळतात. इथे साखरेचा संबंधच नाही.

गाठीच्या आतही सगळ्यांना सारखं मिळत नाही. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन ऊतीत फार आत पोहोचत नाही. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या गाठी मोजून पाहिल्या, तेव्हा रक्तवाहिन्यांपासून मिलिमीटरच्या साधारण सहाव्या-पाचव्या भागाइतक्या अंतरापुढे पेशी मेलेल्या आढळल्या. त्या कडेवर, धड जिवंत नाहीत आणि धड मेलेल्या नाहीत अशा पेशी ऑक्सिजनविना साखर अर्धवट वापरून तग धरतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. रक्तवाहिनीजवळच्या पेशी तेच लॅक्टिक आम्ल उचलून इंधन म्हणून वापरतात आणि साखर आतल्यांसाठी शिल्लक राहते. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा घास. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींवर रेडिएशनचाही परिणाम कमी होतो, म्हणून हा प्रश्न फक्त पुस्तकातला नाही.

पहारेकरी उपाशी राहतात

या शेजारात टी-पेशी नावाचे पहारेकरीही असतात. कॅन्सरची पेशी ओळखून तिला मारणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाला त्यांनाही भरपूर ग्लुकोज लागतो. २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की गाठीच्या परिसरात साखर अपुरी पडली की टी-पेशी जागेवर असूनही ढिल्या पडतात. त्यात लॅक्टिक आम्लाने तो परिसर आंबट झालेला असतो, आणि आंबट परिसरात टी-पेशींचा जोर आणखी कमी होतो.

२०२१ मधल्या एका अभ्यासाने तर अनेकांना चकित केलं. उंदरांच्या गाठींतल्या प्रत्येक प्रकारच्या पेशीने किती साखर घेतली हे वेगवेगळं मोजलं, तर पेशीमागे सर्वांत जास्त साखर कॅन्सरच्या पेशी घेत नव्हत्या. ती तिथल्या काही रोगप्रतिकारक पेशी घेत होत्या. कॅन्सरच्या पेशींचा भर ग्लुटामिन या अमिनो आम्लावर जास्त होता. आणि ग्लुटामिन तुम्ही खाल्लं नाही तरी शरीर ते आपल्या स्नायूंमधून रक्तात सोडतच राहतं.

आता सांगा, रुग्णाला उपाशी ठेवून आपण नक्की कुणाला उपाशी ठेवतो? गाठीकडे शेजाऱ्यांकडून, चरबीकडून, स्नायूंकडून, स्वतःच्या कचऱ्यातून ओढायच्या दहा वाटा आहेत. पहारेकऱ्यांकडे त्या नाहीत.

अमरवेल आली म्हणून कुणी पिकाचं पाणी तोडत नाही. पाणी तोडलं तर आधी पीक वाळेल, अमरवेल शेवटपर्यंत त्याचा रस ओढत राहील.

गाठ गालात, झीज मांडीत

काही जण म्हणतील, काकांचं वजन फक्त न खाल्ल्याने घटलं असेल. तसंही नाही. गाठीचा शेजार म्हणजे फक्त आजूबाजूची दोन बोटं जागा नव्हे. तिचा व्यवहार साऱ्या शरीराशी असतो.

गाठीतून आलेलं लॅक्टिक आम्ल यकृताकडे जातं. यकृत त्याची पुन्हा साखर बनवतं आणि ती रक्तातून पुन्हा गाठीकडे येते. या फेऱ्याला त्या कोरी दांपत्याचंच नाव आहे. शरीरातल्या साखरसाठ्याच्या कामासाठी त्यांना १९४७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हिशेब पाहा: गाठ एका ग्लुकोजमागे दोन नाणी कमावते, यकृत तो परत बनवायला सहा खर्च करतं. दर फेरीला शरीराला चार नाण्यांचा तोटा. शिवाय गाठ आणि तिच्याभोवतीच्या पेशी दाह वाढवणारे जे पदार्थ रक्तात सोडतात त्यांनी भूक मरते, अन्नाची चव बदलते आणि स्नायूंची मोडतोड सुरू होते.

या झिजेला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं तर डॉक्टर तिचा विचार करतात. काकांचं तीन आठवड्यांत अकरा टक्के घटलं होतं, कारण आतून गाठ झिजवत होती आणि बाहेरून आपण ताट काढून घेतलं होतं. त्यात तोंडाचा कॅन्सर. तोंड उघडत नाही, तिखट झोंबतं, गिळताना दुखतं. विदर्भात आपण पाहतो त्या कॅन्सरमध्ये तोंडाचे रुग्ण खूप, म्हणून उपासाचा हा सल्ला आपल्याकडे विशेष घातक ठरतो.

स्नायू गेलेल्या शरीराला केमोचा त्रास जास्त होतो, ऑपरेशनची जखम उशिरा भरते, रेडिएशनचे दिवस मध्येच खंडित होतात. उपचार अर्धवट राहिले की फायदा फक्त गाठीचा.

जमीन आधीच बिघडलेली असते

शेजाराचं महत्त्व डॉक्टरांना फार आधी कळलं होतं. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि विचारलं की हा रोग काही अवयवांतच वारंवार का जातो? त्याने दिलेलं उत्तर आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही: बी सगळीकडे उडतं, पण रुजतं तिथेच जिथे जमीन मानवते.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर आपण जमीन स्वतःच तयार करून देतो. खर्र्यात, गुटख्यात सुपारी असते. सुपारीने गालाच्या आतली जोड-ऊती कडक होते, कोलॅजेनचे पट्टे तयार होतात, रक्तवाहिन्या आक्रसतात आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. नुसती सुपारीही, तंबाखू न घालता, कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. आणि तंबाखू-तोंडाचा कॅन्सर हा धागा तर त्याहून जुना. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवर शोधनिबंध लिहिला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. खर्रा मात्र टपरीवर घोटून पन्नीत बांधून आजही मिळतो, हे मी सांगायची गरज नाही.

म्हणूनच "आता कॅन्सर झालाच आहे, खर्रा सोडून काय उपयोग?" या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: उपयोग आहे. गाठ काढली तरी बाकीचा गाल, जीभ, दुसरी बाजू त्याच खर्र्यात भिजलेली असते. तिथे दुसरी गाठ उगवू शकते. बी काढलं, आता जमीन सुधारा. घरातल्या इतरांनी आरशासमोर एक साधी गोष्ट करून पाहावी. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर दाखवून घ्या.

उपचारही शेजाऱ्याचा विचार करतात

शेतकरी अमरवेल काढताना काय करतो? नुसते पिवळे दोरे ओढत नाही. ज्या झाडाला ती चिकटली ते झाडही उपटतो आणि बांधाबाहेर नेऊन जाळतो. "डॉक्टरांनी गाठीभोवतीचा चांगला गालही का कापला?" असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हेच. साधारण एक सेंटिमीटरभर निरोगी दिसणारा भाग सोबत काढला नाही तर सोंडा आत राहतात.

शेजारावर काम करण्याचं एक उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये एक साधा प्रयोग केला. स्तनाचं ऑपरेशन करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते बधिरतेचं औषध, टोचलं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. याचा साखरेशी संबंध नाही, पण गाठीपेक्षा तिच्या परिसरावर केलेला स्वस्त उपायही जीव वाचवू शकतो, हे त्यातून दिसतं.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. साखर कमी करणारी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेह नसलेल्या स्तन-कॅन्सरच्या ३,६०० हून जास्त रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तपासली गेली. २०२२ मध्ये निकाल आला: कॅन्सर परत येणं त्या गोळीने कमी झालं नाही. भात-भाकर बंद करून फक्त तूप-तेलावर ठेवणाऱ्या कीटो आहारावर काही ठिकाणी छोटे अभ्यास झाले आहेत, पण त्याने कॅन्सर बरा होतो असा पुरावा आज नाही. उद्या पुरावा मिळाला तर मी इथेच तसं लिहीन. तोवर मेसेज वाचून घरच्या घरी हा प्रयोग करू नका.

मग ताटात काय?

कॅन्सरच्या रुग्णाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या माणसाला साठेक ग्रॅम प्रथिनं धरा. यासाठी महागडी पावडर लागतेच असं नाही. दोन अंडी, दोन ग्लास दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाण्यांचं कूट आणि दोन भाकरी: एवढ्यात आपण साठच्या जवळ पोहोचतो. अंडी चालत नसतील तर दही, पनीर, चून, मुगाची डाळ.

वाशिम जिल्ह्याला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपण सोयाबीन पिकवतो, आणि पोतीच्या पोती बाजार समितीत नेऊन टाकतो. त्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रथिनं असतात. त्यातलं पायलीभर घरी ठेवा. पण कच्चं वापरू नका, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. भिजवून, उकडून, वाळवून आणि भाजून मग दळा. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिठात थोडं मिसळा. बियाण्यासाठी औषध लावलेलं सोयाबीन चुकूनही खाण्यात येऊ देऊ नका.

तोंड उघडत नसेल तर मऊ खिचडी, ज्वारीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकर, शिरा, केळ्याचं शिकरण द्या. होय, शिऱ्यात आणि शिकरणात साखर आहे. चालेल. तीन वेळा पोटभर जमत नसेल तर सहा वेळा थोडं थोडं द्या. वरणात चमचाभर तूप सोडा.

तेही जात नसेल आणि डॉक्टर नाकातून नळी घाला म्हणाले तर घाबरू नका. "नळी घातली म्हणजे माणूस गेला" ही आपल्याकडची समजूत मी रोज ऐकतो. नळी म्हणजे शेवट नाही. रस्ता बंद असताना घातलेला तो वळणरस्ता आहे. जखम भरली की ती निघते.

दर आठवड्याला एकाच दिवशी वजन करा आणि वहीत लिहा. घरी काटा नसेल तर किराणा दुकानातला किंवा अडत्याकडचा काटा चालतो. दोन आठवड्यांत दोन किलो घटलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आधी या.

दोन खुलासे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायलाच हवी, विशेषतः केमोसोबत स्टिरॉइड मिळत असेल तेव्हा. तिथे आहार आणि औषध डॉक्टरांशी बोलून ठरवा. उपास हे त्याचं उत्तर नाही. आणि मी निरोगी माणसांना गोड खायला सांगत नाही. जास्त गोड, थंड पेयं, त्यातून येणारा लठ्ठपणा, यांचा अनेक कॅन्सरशी संबंध आहे. पण कॅन्सर टाळण्यासाठीचा आहार आणि कॅन्सरशी लढतानाचा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमची चूक

हे सगळं वाचून तुम्ही मला विचाराल, मग त्या मुलाला आधी का नाही सांगितलं? खरं आहे. बायोप्सीचा रिपोर्ट हातात देताना त्याने मला विचारलं होतं, "खायचं काय द्यायचं साहेब?" मी फाइलवरून नजर न उचलता म्हणालो, "काहीही द्या." बाहेर चाळीस रुग्ण बसले होते. त्या दोन शब्दांची जागा घरी गेल्यावर त्या मेसेजने घेतली. तो मेसेज निदान दोन पानांचा होता, त्यात कारण होतं, यादी होती, आशा होती. माझ्या उत्तरात काहीच नव्हतं.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालं आहे: कॅन्सरचा रिपोर्ट देताना रुग्णाचं वजन कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं गेलंच पाहिजे, आणि सोबत मराठीत लिहिलेलं आहाराचं एक पान दिलंच पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी कॅन्सर रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ हवा. आज फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन होतं, हे फार मोठं काम आहे. पण त्या ऑपरेशनपर्यंत रुग्ण उभा राहील याची काळजी बायोप्सीच्या दिवसापासून घ्यायला हवी, आणि ती आम्ही डॉक्टरांनीच घ्यायला हवी. मी माझ्यापुरतं ते पान छापून घेतलं आहे.

जऊळक्याच्या काकांना नळी घातली. सूनबाई पातळ खिचडी, दूध, अंड्याचा बलक, शेंगदाण्याचं दूध मिक्सरमधून काढून दर दोन-तीन तासांनी द्यायच्या, त्याच निष्ठेने ज्या निष्ठेने कारलं किसायच्या. अडीच आठवड्यांत वजन ५० च्या वर आलं आणि ऑपरेशन झालं. आता रेडिएशन चालू आहे. पुढे काय होईल ते आज मी सांगू शकत नाही. पण परवा वजनाच्या काट्यावर चढताना त्यांनी स्वतःच वही पुढे केली, आणि मुलाने खिशातून काढलेला नवा मेसेज मला दाखवण्याआधी विचारलं, "साहेब, हे खरं हाय का?"

तुम्हीही विचारा. कुणी रुग्णाच्या ताटातून काही काढून घ्यायला सांगितलं, तर काढण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टर "काहीही द्या" म्हणाले, तर खुर्चीवरून उठू नका. "काहीही म्हणजे काय काय, किती वेळा, ते लिहून द्या," म्हणा.